बिनघोड्याचा वीर

साळुबाईंनी देव्हाऱ्यातला चांदीचा टाक चिंचेच्या कोळात बुडवला, तळहातावर घेतला आणि सवयीनं त्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला घोडा लागला.

त्यांनी टाक उजेडाला धरला. चांदी नवी होती, डोळ्यांवर येणारी. घोड्यावर बसलेला वीर, उगारलेली तलवार, डोक्याला मुंडासं. त्यांनी तो पाटावर ठेवला आणि परातीतले बाकीचे टाक एकेक करून पाहिले. खंडोबा होता, भवानी होती, भैरोबा होता. सगळे नवे, सगळे ठसठशीत. गेणू नव्हता.

त्यांचा पुतण्या दादाभाऊ ओसरीत मोबाईलवर बोलत होता. त्याचं बोलणं संपेपर्यंत त्या थांबल्या. हातातून कोळाचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"दादा, ह्यात आपला वीर कुठंय?"

"त्यो काय, घोड्यावर."

"तुझ्या चुलत्याचा टाक म्हणते मी."

"त्योच की, काकी. सगळे देव मोडून नवे करून घेतले. माझ्या स्वराजच्या लग्नात झिजलेले देव मांडायचे का पाटावर? चांदी जुनीच हाय, वरनं थोडी भर घातली."

"तुझा चुलता जन्मात घोड्यावर बसला न्हाई. शाळेच्या नाटकात राजा केला व्हता, तवाबी पायीच आला."

आत पीठ मळणारी उज्ज्वला, दादाभाऊची बायको, खुदकन हसली. दादाभाऊ हसला नाही. त्यानं मोबाईल खिशात टाकला आणि तो चुलतीशेजारी उंबऱ्यावर टेकला.

"वीर म्हणलं की घोडा येतोच, काकी. समद्यांच्या देव्हाऱ्यात घोडाच हाय. आन् खरं सांगू का? दिवाळीत पेपरवाला आला व्हता पुतळ्याची बातमी करायला. त्याला मी आपला टाक दावला. त्यो काय म्हणला माहितीय? म्हणला, हा जवान बंदूक टाकून कुठं पळालाय? मला घाम फुटला."

साळुबाईंनी नवा टाक परत पाण्यात घातला.

राजुरीच्या चौकात गेणूचा पुतळा बसणार होता. चौथरा बांधून झाला होता, पुतळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ट्रॉलीवरून आला होता. सोळा डिसेंबरला अनावरण. पुतळ्यातला गेणू एक पाय खडकावर ठेवून, बंदूक पुढं रोखून उभा होता. कोनशिलेवर कोरायचा मजकूर दादाभाऊनं त्यांना दोनदा वाचून दाखवला होता: 'अखेरच्या श्वासापर्यंत शस्त्र खाली न ठेवता शत्रूवर तुटून पडलेले राजुरीचे सुपुत्र.' दोन्ही वेळा साळुबाई म्हणाल्या होत्या, की त्यानं शस्त्र खाली ठेवलं, म्हणून तर तो वीर. दोन्ही वेळा दादाभाऊ म्हणाला होता, बघू.

एकाहत्तरची लढाई सुरू झाली तेव्हा साळुबाईंचं गेणूशी लग्न होऊन दुसरा पावसाळा सरला होता. तार आली, त्यात तो गेला एवढंच होतं. कसा गेला ते सांगायला उन्हाळ्यात सावळेराम आला. आंबेगाव तालुक्यातल्या पारगावचा, गेणूच्याच पलटणीतला. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. दोन्ही काखांत कुबड्या घेऊन तो फाट्यापासून घरापर्यंत चालत आला आणि दारात बसून लहान पोरासारखा रडला.

त्यानं सांगितलं ते साळुबाईंच्या मनात जसंच्या तसं होतं. सीमेपलीकडं उसासारखं उंच गवत होतं. त्यात सुरुंग पेरलेले. सावळेरामचा पाय सुरुंगावर पडला. मागं फिरा असा हुकूम झाला होता, सगळे फिरले. गेणू फिरून परत आला. बंदूक गळ्यात अडकवून माणूस पाठीवर बसेना, म्हणून त्यानं बंदूक खाली ठेवली, सावळेरामला पाठीवर घेतलं आणि चालायला लागला. मागून गोळ्या येत होत्या. एक त्याच्या कमरेत घुसली, एक मांडीत. "वहिनी, मी म्हणलं ठिव मला खाली. तर म्हणला, गप बस, वझं हलवू नको." आपल्या खंदकाच्या कडेला आल्यावर त्यानं सावळेरामला हळू उतरवलं, शेजारी बसला, आणि बसलेला उठला नाही.

हे पाहणारा तिसरा माणूस कुणी उरला नव्हता. सरकारी कागदावर एवढंच आलं, की लढाईत कामी आला.

घरात वीर झाला तर त्याचा टाक करायचा, देवांच्या ओळीत बसवायचा आणि धुळवडीला ओढ्यावर न्हाऊ घालायचा, ही घराची रीत. साळुबाई सासऱ्यांबरोबर ओतूरला गेल्या. रूपचंद शेठजींच्या पेढीत मागच्या खोलीत कारागीर बसायचा. त्यानं टाक छापायचा घोड्याचा ठसा काढला. साळुबाई म्हणाल्या, घोडा नको. त्यांनी सगळं सांगितलं. कारागिराला ते चित्र डोळ्यांपुढं येईना. पाठीवर माणूस म्हणजे कसा, वाकलेला किती, हात कुठं, पाय कुठं? बाहेर सासऱ्यांच्या मांडीवर धाकट्या दिराचा मुलगा होता, दादाभाऊ. आई आजारी म्हणून तो कायम या चुलतीला चिकटलेला. साळुबाईंनी त्याला उचलून पाठीवर घेतलं, पदर खोचला आणि त्या सराफाच्या पेढीत वाकून उभ्या राहिल्या. कारागीर कागदावर रेघा ओढत राहिला. पोरगं पाठीवरच झोपलं. शेठजींनी दुकानाचं दार लोटून घेतलं, रस्त्यावरचे लोक थांबून पाहायला लागले होते म्हणून.

नवा ठसा कोरला गेला. वाकलेला जवान, पाठीवर दुसरा, त्या दुसऱ्याचा एक पाय लोंबता आणि एक गुडघ्यातच संपलेला. खाली आडवी बंदूक. चांदी म्हणून साळुबाईंनी पायातून उतरवलेली जोडवी दिली. तेव्हापासून रोज सकाळी देव धुताना त्यांचा अंगठा आधी त्या वाकलेल्या पाठीवरून जायचा, मग त्या अर्ध्या पायावरून. नाक-डोळे पहिल्या दहा-बारा वर्षांतच झिजले. पाठ राहिली होती.

आता ती जोडवी घोड्यात गेली होती, की भैरोबाच्या त्रिशुळात, कोण सांगणार.

"दादा," त्या संध्याकाळी ताटावर म्हणाल्या, "सावळेराम अजून हाय. त्यो चौकात उभा ऱ्हाऊन सांगल. मग तरी पाटी बदलशील?"

दादाभाऊनं भाकरी मोडली.

"त्यानं सांगितलं तर बदलतो. दगड अजून कोरायचाय."

"शबुद?"

"जा तुमी. भेटून या."

तो इतक्या पटकन हो म्हणाला, याचं त्यांना बरं वाटलं.

सकाळी त्या निघाल्या. आळेफाट्याला गाडी बदलली, नारायणगाव मागं पडलं, मंचरला पुन्हा बदलली. पारगावच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंनी ऊस, आणि पुढं कारखान्याकडं निघालेल्या ट्रॉल्यांची रांग. गाडी रांगेमागं सरकत होती. साळुबाई खिडकीतून उंच उसाकडं बघत काय काय बोलायचं ते मनात जुळवत होत्या. वर्षश्राद्धाला येऊन गेल्यानंतर सावळेराम लग्नांना वगैरे दोन-तीनदाच भेटला होता, तेही लांबून, माणसांच्या गर्दीत. पण त्या दिवशी दारात बसून रडलेला माणूस असं काही विसरत नाही, याची त्यांना खात्री होती.

घर सापडायला वेळ लागला नाही. "फौजी बाबांचं ना?" पहिल्याच माणसानं विचारलं आणि हात केला. दुमजली बंगला होता. फाटकावर दोन बंदुका एकमेकींवर टेकवल्याची लोखंडी नक्षी. सावळेरामची नातसून दारात आली. नाव सांगताच तिनं डोक्यावर पदर घेतला आणि वाकून पाय धरले, चांगले घट्ट.

"आजी, तुमी? राजुरीच्या? आवो, बाबा, कोण आलंय बघा. आपल्या गेणूबाबांच्या घरनं आल्यात."

सावळेराम खुर्चीत होता. केस पांढरे, अंग भरलेलं. धोतराखालून कृत्रिम पायाचा बूट दिसत होता. तो उठायला गेला, साळुबाईंनी हातानंच बस म्हटलं. त्यानं नमस्कार केला तेव्हा त्याचे हात जरा वेळ तसेच जोडलेले राहिले.

संस्कृती नावाची ती नातसून बडबडी होती. चहा टाकला, चिवडा आणला, पंखा लावला, मग नको थंडी आहे म्हणून बंद केला. भिंतीवर मोठं रंगीत चित्र होतं. शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी काढून दिलेलं, ती म्हणाली. धूर, आग, आणि त्यातून एक जवान दुसऱ्याला पाठीवर घेऊन येतोय.

साळुबाईंनी चष्मा पुसला. पाठीवरच्या जवानाचे डोळे मिटलेले होते. त्याचे दोन्ही पाय शाबूत होते.

"हे आमचे बाबा," संस्कृतीनं वाकलेल्या जवानावर बोट ठेवलं, "आन् हे तुमचे मालक. दर पंधरा ऑगस्टला शाळेत बाबांना बोलवत्यात. गोळ्या लागलेल्या गेणूबाबांना पाठीवर घेतलं, बंदूक तिथंच ठेवली, खंदकापर्यंत आणलं. आन् मग ती बंदूक आणायला परत गेले, तवा सुरुंगावर पाय पडला. मला लगीन करून आले तवाच सांगितलं सासूबाईंनी, म्हणल्या, असल्या घरात आलीस. माझे मालक ह्याच गोष्टीवर फौजेत गेले, आजी. आता काश्मिरात हायत."

ती थांबली. तिला वाटलं, आपण म्हातारीला रडवलं.

"तुमचे मालक शेवटच्या वक्ताला आमच्या बाबांच्या पाठीवर व्हते. म्हंजी आमच्याच घरचे की. तुमी कवा येताय असं लई दिवस वाटायचं मला."

साळुबाईंनी सावळेरामकडं पाहिलं. तो बशीत चहा ओतत होता. बशी भरली तरी ओतत राहिला, चहा धोतरावर सांडला.

"बाबा, भाजलं का?" संस्कृती उठली.

"न्हाई."

"परवा तुमच्या दादाभाऊंचाबी फोन आला व्हता," ती पुसता पुसता म्हणाली. "अनावरणाला बाबांना बोलवलंय. हारतुरे, मग भाषण. बाबांचं नावबी येणार हाय म्हणे दगडावर, खालच्या वळीत."

परवा. म्हणजे ताटावरच्या बोलण्याच्या आदल्या दिवशी. साळुबाईंनी चिवड्याची वाटी खाली ठेवली. शबुद, असं त्यांनी विचारलं होतं, आणि तो भाकरीकडं बघत जा म्हणाला होता.

संस्कृती चहाचं आधण पुन्हा ठेवायला आत गेली. बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टरनं लावलेलं गाणं मोठं होत होत लांब गेलं. सावळेरामच्या दोन्ही मुठी काठीवर आवळलेल्या होत्या.

"वहिनी," तो अगदी हळू म्हणाला, "तो टाक हाय का अजून? तुमी तवा दावला व्हता त्यो."

साळुबाईंना आठवलं. वर्षश्राद्धाला तो आला होता तेव्हा त्यांनीच देव्हाऱ्यातून काढून त्याच्या हातात दिला होता. त्यानं तो कपाळाला लावला होता.

"मोडला," त्या म्हणाल्या. "दादानं मोडून घोडा केला."

काठीवरच्या मुठी सुटल्या. आधी बोटं सैल झाली, मग खांदे उतरले, आणि त्यानं इतका वेळ अडकवून धरलेला श्वास सोडला. तोंडावर दुःख आणायला त्याला थोडा उशीर झाला.

"अरेरे," सावळेराम म्हणाला.

त्या त्याला न्यायला आल्या होत्या. बोलायचं सगळं जुळवून आणलं होतं. त्यातलं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. दुसरा चहा घेतला, संस्कृतीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अनावरणाला तूबी ये, पोरी. आदी घराकडं ये, मग चौकात जाऊ."

"येते की, आजी."

दुसऱ्या दिवशी त्या ओतूरला गेल्या. उज्ज्वलाला सांगितलं, लुगडं बघून येते.

रूपचंद शेठजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. गादीवर त्यांचा नातू पीयूष बसला होता, काचेच्या पेटीमागं, समोर काटा.

"आजी, दादाभाऊंचे देव आवडले ना? एकदम हेवी काम केलंय."

"चांगले हायत. जुन्यातला एक परत पायजे."

"जुने तर आटवले की हो."

"ठसा असंल."

पीयूषनं मान वर केली. ठसे नवीन मिळतात, मशीनवर छापतात, जुने कोण ठेवतं, असं काहीबाही तो बोलला. मग स्वतःच थांबला. "आजोबांची एक पेटी आहे माळ्यावर. देवाचं काम मोडीत घालायचं नाही म्हणायचे. आम्ही जैन, पण त्यांचं हे असं होतं." त्यानं नोकराला वर चढवलं.

लाकडी पेटीत काळे पडलेले ठसे होते, गोणपाटात गुंडाळलेले. साळुबाईंनी पीयूषला शोधू दिलं नाही. त्यांनी डोळे मिटून पेटीत हात घातला आणि एकेका ठशावरून अंगठा फिरवत गेल्या. तळाशी एका ठशावर अंगठा थांबला.

पीयूषनं तो पुसून उजेडात धरला. ठसा झिजलेला नव्हता. वाकलेल्या पाठीवरची घडीसुद्धा होती, पदर खोचल्यावर पडते तशी.

"हे काय आहे, आजी? वीर? घोडा कुठंय याचा?"

"ह्याला नव्हता घोडा."

"किती काढू?"

"एक."

त्यांनी पिशवीतून फडक्याची गाठ काढून काचेवर सोडली. लहान मुलाच्या पायातले चांदीचे वाळे होते, घुंगरू गेलेले.

"हे कुणाचे?"

"पाठीवर बसला व्हता त्याचे."

पीयूषला ते कळलं नाही. त्यानं वाळे काट्यावर टाकले. "परत झिजला, परत मोडायला आला, तर मी आटवू नको ना?"

साळुबाईंनी थोडा विचार केला. "आमच्या घरात ठिवला तर येईल मोडीला," त्या म्हणाल्या. "दुसरीकडं देणार हाय."

सोळा तारखेला सकाळपासून चौकात स्पीकरवर देशभक्तीची गाणी लागली होती. दादाभाऊ नवा फेटा बांधून चारदा घरातून चौकात आणि चौकातून घरात आला. कोनशिला बसली होती, वर झेंडूच्या माळा. पारगावची गाडी आली तशी त्यानं सावळेरामला हाताला धरून उतरवून घेतलं, ओसरीत खुर्ची दिली. सावळेरामच्या कोटाला दोन पदकं होती. त्यानं साळुबाईंकडं पाहिलं नाही.

आत देव्हाऱ्यापुढं उज्ज्वलानं पाट मांडला. ताटात तांदूळ, नारळ, खण, सुपारी.

"पयल्यांदा आलीयस, संस्कृती. बस, ओटी भरते."

"थांबा, मामी." संस्कृती पाटावर बसून म्हणाली, "आजींच्या हातानं भरू दे."

उज्ज्वला घुटमळली. साळुबाई दाराशी उभ्या होत्या. लढाईच्या सालापासून त्यांनी कुणाची ओटी भरली नव्हती, कुणी भर म्हणालं नव्हतं. 

"मला चालत न्हाई, बाळ."

"मला चालतं."

साळुबाई पुढं आल्या. पोरीचा चेहरा स्वच्छ होता, कपाळावर कुंकू, नवरा काश्मिरात. एक क्षण त्यांनी कमरेच्या पिशवीवर हात तसाच ठेवला. ओसरीतून दादाभाऊचा आवाज आला, तो कुणाला तरी सांगत होता की हेच ते, आमच्या चुलत्यांना पाठीवर आणणारे. टाळ्या वाजल्या.

त्यांनी ओंजळीनं तांदूळ घातले. नारळ ठेवला, खण ठेवला. मग कमरेची पिशवी सोडून फडक्यातला टाक काढला आणि तांदळावर ठेवला.

"हे काय, आजी?"

"आमचा वीर. तूच म्हणलीस ना, तुमच्याच घरचा हाय. देव्हाऱ्यात ठिव. रोज धूत जा, ब्रश लावू नको, अंगठ्यानं धू. धुळवडीला न्हाऊ घाल."

"आवो, पर ह्यो तुमचा..."

"ओटीतलं परत देत न्हाईत."

संस्कृतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं टाक उचलून कपाळाला लावला आणि मग कौतुकानं जवळ धरला. नव्या चांदीवर रेघन् रेघ उठून दिसत होती. "बाबांनाबी दावते," ती म्हणाली. "बघा, आपल्या चित्रासारखंच. हे वाकलेले..." तिचा अंगठा पाठीवरून सरकला, वरच्या माणसाच्या हातावरून खाली आला, लोंबत्या पायावरून दुसऱ्या पायाकडं गेला, आणि गुडघ्याशीच थांबला.

बाहेर माईकवर नाव पुकारलं गेलं. वीर जवानाला रणातून पाठीवर आणणारे आपले प्रमुख पाहुणे. सावळेराम खुर्चीतून उठला. दारातून त्याची पाठ दिसत होती, काठी दिसत होती, आणि फरशीवर आधी उजवा बूट वाजला, मग डावा, वेगळ्या आवाजात.

संस्कृती त्या आवाजाकडं बघत होती. अंगठा टाकावर होता तिथंच होता. धरलेला पदर हातातून सुटत चालला होता.

साळुबाईंनी पुढं होऊन पदराची दोन्ही टोकं तिच्या मुठीत दिली.

"सावर, पोरी," त्या म्हणाल्या. "तांदूळ सांडत्याल."